हार्वर्डच्या काउलमधली उष्णता : माझा अनुभव

भारतीय हवाई दलाने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या हार्वर्ड विमानाची विजेच्या मोटरवर उडणारी एक-नवमांश प्रतिकृती मी पुण्यात बांधली. पंखांचा विस्तार १.४२ मीटर, चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि ६० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, असा तिचा सरंजाम होता. विमान उडायचे छान. परंतु एप्रिलच्या उन्हात चार-पाच मिनिटांनी ईएससी स्वतःच्या बचावासाठी मोटरची शक्ती घटवू लागे आणि उतरल्यावर इन्फ्रारेड तापमापक मोटरच्या कवचावर ८५ अंशांपुढचा आकडा दाखवी. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांचे बळ ८० अंशांपलीकडे कायमचे घटू शकते, त्यामुळे याकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. (उतरल्यावर वारा थांबतो आणि आतल्या गुंडाळीची उष्णता बाहेर येत राहते; म्हणून कवचाचे तापमान लगेच एकदा मोजून थांबू नये, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे.)

हवेची सोय करण्याआधी उष्णता मुळात निर्माणच कमी व्हावी, असे मी ठरवले. वॉटमीटर जोडून पूर्ण थ्रॉटल दिला, तेव्हा १३ बाय ८ चा (व्यास १३ इंच; पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचे अंतर, ८ इंच) प्रोपेलर ४७ अँपिअर ओढत होता. त्याजागी १२ बाय ८ चा लावताच प्रवाह ३८ वर आला. तारांमधली आणि गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे एवढ्या एका बदलाने तिचा सुमारे एक तृतीयांश भाग कमी झाला.

खरा गुंता काउलमध्ये, म्हणजे नाकावरच्या इंजिनाभोवतीच्या गोल आवरणात होता. हार्वर्डचे नाक पुढून सताड उघडे असते, त्यामुळे हवा भरपूर मिळत असणार असे वाटते. पण ती खऱ्या इंजिनाची नक्कल म्हणून लावलेल्या नऊ नकली सिलिंडरांच्या फटींतून शिरून मोटरला स्पर्शही न करता काउलच्या कडेने निघून जात होती. म्हणून नकली इंजिनाच्या मागे पातळ प्लायची चकती बसवून बाहेरच्या बहुतेक फटी मी बंद केल्या आणि मोटरभोवती तेवढी कडी मोकळी ठेवली. भोके बुजवून मोटर थंड होते, हे सोबतच्या मंडळींना आकडे पाहीपर्यंत पटले नाही. त्याचबरोबर हवा बाहेर पडण्याचा मार्ग आत येण्याच्या मार्गाच्या जवळजवळ दुप्पट केला, कारण तापलेली हवा फुगते आणि निघायला वाट नसेल तर पुढून नवी हवा शिरतच नाही. ‘नाका’ (NACA) या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेने १९२८ च्या सुमारास विकसित केलेल्या काउलमध्येही हवा इंजिनाभोवती बांधून नेली जाते आणि मागच्या वर्तुळाकार फटीतून सोडली जाते. त्यामुळे काउलच्या मागच्या काठाशी फट ठेवल्याने प्रतिकृतीचे रूप बिघडले नाही. फायरवॉलला, म्हणजे मोटरमागच्या आडव्या भिंतीला, पाडलेले भोक आणि शेपटीकडे पोटाखाली ठेवलेली खिडकी मात्र मूळ विमानात नाही, ती तडजोड आहे.

ईएससी बंद पेटीतून काढून, त्याची ॲल्युमिनियमची पट्टी वाऱ्याकडे करून, त्या भोकामागे बसवला. त्यासाठी बॅटरीच्या तारा न लांबवता मोटरकडच्या तीन तारा लांबवल्या. बॅटरीच्या तारा लांबल्या की ईएससीच्या कपॅसिटरांवर विजेच्या चढउतारांचा ताण येतो आणि तेच तापू लागतात. बॅटरीभोवतीचा फोम काढून तिला दोन पट्ट्यांवर उचलून धरले, म्हणजे तिच्या खालूनही वारा जातो.

आता भर उन्हातही मोटर ६५ अंशांच्या आसपास राहते आणि ईएससीने शक्ती घटवलेली नाही. लहान प्रोपेलरमुळे चढाई मंदावली आणि लूप घेण्याआधी थोडा सूर मारून वेग घ्यावा लागतो; पण खरी हार्वर्डही काही रॉकेटसारखी सरळ वर जात नसे, त्यामुळे मला हे उड्डाण अधिक अस्सल वाटते.