नवस तिचा, फोड माझे

नवस बायकोचा होता. ती वसईची कॅथलिक, मी नाशिकच्या शरणपूरचा प्रोटेस्टंट. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला तिच्या माहेरची माणसं पायी निघाली, तसा मीही. इगतपुरी, घोटी कधी मागे पडलं कळलं नाही. बाजूनं ट्रक, मागून रोझरीचा जप. तीच आवर्तनं ऐकून जीव विटायचा; पण कुणी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन उचललं की माझाच आवाज सगळ्यांत चढा.

वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे टाच पेटली. एका ओट्यावर बसलो. आतून एक माळकरी आजी आल्या. काही न विचारता त्यांनी सुई काडीवर तापवली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या कडेनं घालून त्या कडेनं काढला आणि दोरा आतच ठेवून कापला.

"वढू नको रे. पाणी दोऱ्यानं उतरंल. कातडं निघालं तर चालनं बंद."

त्या निवृत्तीनाथांच्या दिंडीत जाणाऱ्या. वरून खोबरेल लावता लावता म्हणाल्या, "देव केवढाय तुमचा?"

"हातभर."

"ल्हान हाये. संभाळून बरं."

माझा कसला देव! आमच्या वेदीवर रिकामा क्रूस. 'कोरीव मूर्ती करू नको' ही आमच्यात वेगळी दुसरी आज्ञा, कॅथलिक ती पहिलीतच धरतात. 1524 साली धर्मसुधारणेत स्वित्झर्लंडच्या झुरिचनं चर्चमधल्या मूर्ती उतरवल्या, हे मी मेहुण्याला ऐटीत सुनावलं. नाताळात आमच्या क्रुसालाही झेंडूच्या माळा चढतात, ते गिळलं.

मेहुणा गप्प बसणारा नव्हे. बाळ येशूची मूळ मूर्ती प्रागची, मेणाची. 1631 मध्ये सॅक्सन फौज शहरात शिरली, मूर्ती वेदीमागच्या अडगळीत पडली, हात तुटले; 1637 मध्ये सापडली, असं सांगतात. "फौज कुणाची, भावोजी? तुमचीच!"

पाथर्डी फाट्यापासून मी त्याच्याशी बोललो नाही.

मंदिरात ही रांग. मागचा माणूस मेणबत्तीचं टोक पाठीत खुपसत होता, पुढे कुणाचं तरी पोर रडत होतं. वैताग आला. समोर पोहोचलो तर हात जोडायचे की नाही हेच ठरेना, तेवढ्यात स्वयंसेवकानं पुढे ढकललं.

बाहेर बायकोनं विचारलं, "काय मागितलंस?"

"काही नाही. हात बघत होतो त्याचे."

"धड होते?"

"होते."

ती हसली आणि शरणपूरच्या भाड्यावरून रिक्षावाल्याशी भांडायला लागली.