पाच रुपयांच्या कॉलचा डेल्टा

नव्या पेठेत गल्ल्यावर बसल्या बसल्या मोबाईलवर पाच रुपयांचा निफ्टी कॉल (निफ्टी ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क देणारा ऑप्शन) उचलणारे सोलापुरात कमी नाहीत. आधी डेल्टा, म्हणजे निफ्टी एक अंक हलला तर ऑप्शनचा भाव किती हलेल, तो तरी बघा. ०.०५ डेल्टा म्हणजे निफ्टी १०० अंक चढला तरी डेल्टाच्या हिशोबाने प्रीमियम (ऑप्शनचा भाव) साधारण ५ रुपयांनी हलणार, तेही लगेच चढला तर. वेळ गेला की थीटा, म्हणजे वेळेनुसार होणारी प्रीमियमची झीज, खातोच.

फ्युचरचा (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचा करार) डेल्टा १. एक लॉट (ठरलेला गठ्ठा) फ्युचर खरेदी असेल, तर −०.५० डेल्टाचे दोन लॉट पुट (ठरलेल्या भावाने विक्रीचा हक्क देणारा ऑप्शन) घेतले की बेरीज शून्य, म्हणजे हेज: बाजार थोडा हलला तरी नफा-तोटा जवळपास नाही. गफलत पुढे होते. बाजार पडून पुटचा डेल्टा −०.६५ झाला की बेरीज −०.३०, म्हणजे हेजची मंदी झाली! एक लॉट पुट विकला तर थेट +०.३५. अर्धा लॉट मिळत नाही, त्यामुळे छोट्या खात्यात शून्य टिकत नाही. एक्स्पायरीच्या (ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवशी) दुपारी तर गॅमामुळे (डेल्टा बदलण्याचा वेग) ०.५०चा डेल्टा काही मिनिटांत ०.९० होऊ शकतो.