हर-टू पॉझिटिव्ह: रिपोर्टपासून उपचारापर्यंत

माझ्या डाव्या स्तनातील गाठीच्या बायोप्सीने कर्करोगाचे निदान निश्चित केले, पण उपचार कोणते द्यायचे हे त्यावरून ठरत नव्हते. त्यासाठी त्याच तुकड्यावर आयएचसी ही पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून पाहण्याची चाचणी झाली आणि रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, पीआर कमी प्रमाणात पॉझिटिव्ह व हर-टू २+ असे लिहून आले. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे संदेश घेणारी प्रथिने, म्हणजे रिसेप्टर; हर-टू हे पेशीला वाढीचा संदेश देणारे रिसेप्टर. हर-टू ३+ असेल तर पॉझिटिव्ह, शून्य किंवा १+ असेल तर निगेटिव्ह धरतात. २+ हा अनिर्णित निकाल असल्यामुळे फिश चाचणी करावी लागते. या चाचणीत सतराव्या गुणसूत्रावरील हर-टू जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजल्या जातात आणि गुणसूत्राच्या मध्यबिंदूंच्या संख्येशी त्यांचे गुणोत्तर काढले जाते. माझे गुणोत्तर २ या मर्यादेच्या बरेच वर, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह निघाले. निकालाची वाट पाहण्याचा तो काळ मला किमोपेक्षाही जड गेला, कारण गाठ आहे हे माहीत असूनही काहीच सुरू करता येत नव्हते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे आमच्या डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागे काढलेली आकृती मला लगेच उमगली. हर-टू हे प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसलेले असते. त्याच्या कुळातील इतर रिसेप्टरना बाहेरून वाढीचा संदेश देणारा रेणू येऊन चिकटावा लागतो. हर-टूला मात्र स्वतःचा असा रेणू नाही, ते जोडी जमवण्यासाठी नेहमीच तयार असते. जनुकाच्या प्रती वाढल्या की आवरणावर या प्रथिनाची इतकी गर्दी होते की बाहेरून संदेश आलेला नसतानाही जोड्या जमतात आणि आतला संदेश सुरूच राहतो. त्यातली एक साखळी रास, राफ, मेक आणि अर्क या प्रथिनांमधून केंद्रकापर्यंत जाते आणि पेशीला विभाजनाला लावते. दुसरी पीआय-थ्री-के, एकेटी आणि एमटॉर यांची आहे. ती पेशीची वाढ तर करतेच, शिवाय एकेटी हे प्रथिन पेशीला मरणाकडे नेणाऱ्या ‘बॅड’ नावाच्या प्रथिनासारख्या प्रथिनांना निष्क्रिय करते. मला ही दुसरी साखळीच अधिक घातक वाटते. किमोचे औषध पेशीला इजा करते आणि इजा झालेल्या पेशीने मरावे अशी अपेक्षा असते. तिला जगवणारा संदेश चालूच असेल, तर ती इजा पचवून पुन्हा वाढू शकते. किमोच्या जोडीनेच ट्रास्टुझुमॅब हे औषध का देतात, हे मला तेव्हा कळले. हे प्रतिपिंड हर-टूच्या बाहेरच्या भागाला चिकटून संदेश कमी करते आणि शरीराच्या प्रतिकारपेशींना त्या पेशीकडे वळवते.

अमेरिकेतील डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की ज्या गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्या रुग्णांत आजार लवकर उलटतो. ट्रास्टुझुमॅबला तिथे मान्यता मिळाली ती १९९८ मध्ये. मधल्या वर्षांत माझ्यासारखा रिपोर्ट हाती आलेल्या बायकांना धोका सांगता येत होता, पण त्यावरचे औषध नियमित उपचारात नव्हते, हा विचार सलाईन चालू असताना अनेकदा मनात येई. आपल्याकडे २०१४ पासून बायोकॉन कंपनीचे बायोसिमिलर, म्हणजे या औषधाशी मिळतेजुळते औषध, उपलब्ध झाले आणि पुढे इतर कंपन्यांचीही आली. वर्षभराचा उपचार आमच्या आवाक्यात राहिला तो त्यांच्यामुळेच.

किमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी टू-डी इकोविषयी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीविषयी सांगते. ट्रास्टुझुमॅबचे दर तीन आठवड्यांचे इंजेक्शन वर्षभर चालते आणि साधारण तीन महिन्यांनी इको करावा लागतो. हृदयाच्या स्नायूपेशींनाही ताण सोसून टिकून राहण्यासाठी हर-टूचा संदेश लागतो, त्यामुळे औषध गाठीत जे काम करते त्याचाच काही परिणाम हृदयावर होऊ शकतो. एका इकोत माझे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलते त्या रक्ताचे प्रमाण, घसरलेले दिसले आणि डोस पुढे ढकलला गेला. उपचार बंद पडेल या भीतीने मी हादरले होते. पण ही घट बहुतेक रुग्णांत औषध थांबवल्यावर भरून येते, हे डॉक्टरांनी समजावले आणि माझ्या बाबतीत तसेच झाले. पुढचा इको चांगला आल्यावर इंजेक्शने पुन्हा सुरू झाली.

ईआर पॉझिटिव्ह असल्यामुळे किमो संपल्यावर लेट्रोझोलची गोळीही आली. हर-टू अडवल्यावर पेशी इस्ट्रोजेनच्या संदेशावर तग धरू शकते, आणि उलट हर-टूकडून येणारे संदेश इस्ट्रोजेन रिसेप्टरला चेतवू शकतात. म्हणून दोन्ही वाटा बंद कराव्या लागतात. पाळी गेलेल्या बायकांत इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीसारख्या ऊतींत अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने तयार होते आणि लेट्रोझोल त्यालाच रोखते. सकाळी सांधे आखडतात, हाडांची घनता तपासत राहावी लागते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यावे लागते. तरीही ही गोळी मी एकदाही टाळत नाही.

ज्यांच्या घरी नुकतेच निदान झाले आहे त्यांनी आयएचसी आणि फिशचे मूळ रिपोर्ट जपून ठेवावेत, आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक कुठे आहे याची लॅबकडे चौकशी करून ठेवावी. आजाराने पुन्हा डोके वर काढलेच, तर नवी बायोप्सी शक्य नसताना पीआयके-थ्री-सीए या, पीआय-थ्री-के साखळीशी संबंधित जनुकातील बदलासारख्या तपासण्या त्याच ब्लॉकवर करता येतात.