पस्तीस मिलिमीटर, पण कुठून?

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2016 ची. 2022 मध्ये चाकणला पोलो बनायची थांबली, तेव्हाच ठरवलं होतं की ही विकायची नाही आणि एकदा तरी मनासारखी करून घ्यायची. मनासारखी म्हणजे काय, तर गाडी थोडी खाली बसवून टायर आणि मडगार्डमधली ती फट कमी करायची. पुढच्या चाकावर माझी अख्खी मूठ आत जायची. बाबांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. "पावसाळ्यात तीच फट कामाला येते," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तर तो पठ्ठ्या कंपनीच्याच स्प्रिंगा ग्राइंडरने दीड-दीड वेटोळा कापून द्यायला तयार. अर्ध्या तासात काम, खर्च नगण्य. कापलेल्या स्प्रिंगेचं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही, खड्ड्यात चाक लोंबकळलं की ती जागा सोडू शकते. कापायची सोडून गॅसने तापवून बसवली तर पोलादाचं पाणीच, म्हणजे त्याचा ताठपणा, जातो. मी चहा पिऊन निघालो.

मग गाडी 35 मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा तयार सेट मागवला, युरोपातल्या एका नावाजलेल्या कंपनीचा. खोक्यावर लिहिलेलं: पुढे 35, मागे 35. मी हिशोब केला, कागदावर गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) 168, त्यातून 35 गेले, 133 उरले. चालतंय की.

इथेच माझं गणित चुकलं होतं. स्प्रिंग बनवणारा 35 मोजतो ते युरोपातल्या पोलोपासून. आपल्याकडची पोलो आपल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच उभी केलेली. नवी स्प्रिंग गाडीला एका ठरावीक उंचीवर आणून ठेवते. आधी गाडी किती उंच होती याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आधीची उंची जास्त, म्हणजे गाडी खाली येणारही जास्त. हे मला स्प्रिंगा बसल्यावर कळलं.

एक गोष्ट मात्र शहाणपणाने केली होती, आधी माप घेतलं होतं. जमिनीपासून मडगार्डपर्यंत नाही, कारण टायरमधली हवा कमी-जास्त झाली तरी ते बदलतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. सपाट फरशीवर, अर्धी टाकी पेट्रोल, डिकी रिकामी, चारही चाकं. पुढे डावीकडे 394, उजवीकडे 391. (ड्रायव्हरच्या बाजूला गाडी थोडी दबलेली असते, हेही तेव्हाच पाहिलं.)

बसवायला सिंहगड रोडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. मागचं काम किरकोळ: पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा), स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, बीम खाली सोडला की स्प्रिंग हातात येते. पुढे मात्र मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, आणि तो नकलच्या (चाक धरणाऱ्या धातूच्या भागाच्या) खाचेत घट्ट रुतलेला. ती खाच फाकवायला वेगळं टूल लागतं. मिस्त्रींकडे ते होतं, म्हणून तर त्यांच्याकडे गेलो. नाहीतर हातोडा चालतो आणि नकल जाते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावताना त्यांनी मला लांब उभं केलं. "दादा, ही सुटली ना, तर गोळीसारखी येते."

गाडी खाली उतरल्यावर मापं घेतली. पुढे 41 ने खाली, मागे 36. हजार किलोमीटर चालल्यावर स्प्रिंगा दबून अजून बसल्या: पुढे 47, मागे 39. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा पुढे बारा मिलिमीटर जास्त. इंजिनाखाली मी लोखंडी गार्ड लावलेला, त्याच्या खाली आधी 156 मिळत होते, आता 109.

अलाइनमेंट लगेच करून उपयोग नाही, स्प्रिंगा बसू द्याव्या लागतात, म्हणून ती हजार किलोमीटरनंतर केली. टो (वरून पाहिलं तर चाकांची दिशा) बाहेर गेला होता, तो जुळवून मिळाला. कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा कल) थोडा आत झुकलाय, पण पोलोत त्याला फारशी ॲडजस्टमेंट नाही, तो तसाच राहिला. हेडलाइटही पुन्हा लावून घेतले. नाक खाली गेलं की उजेड बंपरच्या पुढ्यातच पडतो. विमा कंपनीलाही मेल टाकून बदल कळवला.

चालवायला? ताम्हिणीत गाडी वळणावर जी बसते ती मजा शब्दांत सांगत नाही. पण जुने शॉकअप नव्या कडक स्प्रिंगांपुढे कमी पडतात, डेक्कनच्या काँक्रीटच्या सांध्यांवर मागून एक ठोका येतोच.

आता गतिरोधक. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) निकषांतला नेहमीचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या आसपास. दोन्ही चाकं त्या गोलाईवर असताना मधला फुगवटा जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. म्हणजे नियमातला गतिरोधक माझी गाडी गुणगुणत ओलांडेल. अडचण आपल्या गल्लीतल्या गतिरोधकांची. हातभर रुंद, वीतभर उंच, रात्रीत कुणीतरी डांबर ओतून केलेले. तो अख्खा दोन चाकांच्या मध्ये मावतो आणि मग पूर्ण उंची गाडीच्या पोटाला लागते.

गणपतीत गुहागरला निघालो, चौघं आणि डिकीत सामान. या वजनाने मागची बाजू आणखी 31 मिलिमीटरने दबते, हे मी निघण्याआधी मोजलं होतं. चिपळूणच्या पुढे एका शाळेसमोर तसाच एक गतिरोधक. तिरकी घातली तरी गार्ड घासला. पुढच्या गतिरोधकाला आई-बाबा न सांगता उतरले, चालत पलीकडे गेले आणि मी गाडी ओलांडून आणेपर्यंत बाबांनी कणसंही घेतली. "थांब, अजून दोन भाजतोय," ते म्हणाले.

स्प्रिंगा काढल्या नाहीत. टायर संपले तेव्हा 185/60 च्या जागी 195/60 घेतले (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा तिच्या टक्क्यात टायरच्या भिंतीची उंची), त्याच 15 इंची चाकावर. टायरचा व्यास 12 मिलिमीटरने वाढतो, गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे सहा मिलिमीटर उचलली जाते. लोखंडी गार्ड काढून कंपनीचा प्लॅस्टिकचा परत लावला, तिथे आणखी थोडी जागा मिळाली. गुहागरला मात्र आता आम्ही बाबांच्या वॅगन आरने जातो.