‘छपाई पुसता कामा नये’: ग्राहकाचे वाक्य आकड्यात आणताना

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागाला छपाई तपासण्यासाठी टेबलावरचे फिक्स्चर (वस्तू पक्की धरून चाचणी करण्याचे साधन) हवे होते. कार्टनवर बॅच नंबर, एक्स्पायरी आणि डेटामॅट्रिक्स कोड (बारीक चौकटींचा चौकोनी कोड) छापणारे थर्मल इंकजेट (उष्णतेने शाईचे थेंब फेकणारे) हेड त्यावर बसवायचे, कार्टन लाइनच्या वेगाने त्याच्यासमोरून न्यायचे, आणि नवी शाई, नवा बोर्ड किंवा नवे कार्ट्रिज लाइनवर चढवण्याआधी इथेच पारखून घ्यायचे. युरोपला जाणाऱ्या डॉक्टरी चिठ्ठीच्या औषधांवर ९ फेब्रुवारी २०१९ पासून डेटामॅट्रिक्स लागतो. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. कोड वाचला गेला नाही की कॅमेरा कार्टन बाहेर फेकतो, आणि चाचणीसाठी लाइन थांबवली की चालू बॅच अडकते. म्हणून हे फिक्स्चर, आणि ते बनवणार होतो आम्ही.

बनवणे त्यातले सोपे काम. ग्राहक जे बोलतो त्यातून ड्रॉइंगवर लिहिता येईल असा आकडा काढण्यातच खरा वेळ जातो. फार्मात याला यूआरएस म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजांचा लेखी कागद. तो कागद बहुतेक वेळा जुन्या मशीनच्या यूआरएसवरून उतरवलेला असतो आणि त्यात ‘मजबूत’, ‘सुटसुटीत’, ‘अचूक’ असे शब्द भरलेले असतात. आम्ही तो वाचला आणि बाजूला ठेवून लाइनवर उभे राहिलो, दोन वेगवेगळ्या शिफ्टना. ऑपरेटर, शिफ्ट इनचार्ज, क्यूए (गुणवत्ता विभाग) आणि मेंटेनन्स यांची वाक्ये जशी बोलली गेली तशीच तक्त्याच्या पहिल्या रकान्यात लिहिली. पुढचे रकाने: आकडा, टॉलरन्स (किती फरक चालेल), कोणत्या परिस्थितीत, कशाने मोजायचे, आणि हा आकडा कुठून आला. शेवटचा रकाना लोक गाळतात. सहा महिन्यांनी कुणी ‘एवढी टॉलरन्स कशाला?’ असे विचारले की उत्तर तिथेच सापडते. मूळ वाक्य मात्र बदलायचे नाही. ते सुधारून लिहिले की त्यात आपला उपाय शिरतो.

पहिले वाक्य सगळ्यांकडून एकच आले: ‘लाइन मिनिटाला १८० कार्टन चालते, फिक्स्चरवरही तेवढेच चालले पाहिजे.’ यातून वेग निघत नाही. वेगासाठी दोन कार्टनमधला पिच, म्हणजे एकाच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर, लागतो, आणि तो लाइनभर एकसारखा नसतो. कार्टनरच्या (औषध कार्टनमध्ये भरणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी पिच १३० मिमी होता. छपाईच्या जागी कॅमेरा आणि रिजेक्टला फट हवी म्हणून कार्टन पुढे खेचून २०० मिमीवर नेली जातात. म्हणजे एकाच लाइनवर एका ठिकाणी मिनिटाला २३.४ मीटर, दुसऱ्या ठिकाणी ३६ मीटर. हेडसमोरचा वेग दुसरा, सेकंदाला ६०० मिमी. पट्ट्यावर टॅकोमीटरचे चाक टेकवून तो ताडून पाहिला. कार्टनरच्या पॅनलवरचा आकडा उतरवून घेतला असता तर फिक्स्चर एक तृतीयांश हळू चालले असते आणि तिथे पास झालेली शाई लाइनवर नापास झाली असती.

त्याच हिशेबातून दुसरी गोष्ट वर आली. ग्राहकाला चालीच्या दिशेने ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) हवे होते. ६०० डीपीआयला ठिपक्यांमधले अंतर २५.४ भागिले ६००, म्हणजे ०.०४२३ मिमी. सेकंदाला ६०० मिमी वेगात नोझलने सेकंदाला सुमारे १४,२०० थेंब टाकायला हवेत. त्या कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात मर्यादा १२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२,००० थेंब होती. दोन्ही मागण्या एकत्र बसत नाहीत, हे काहीही बनवण्याआधी कागदावर कळले. चालीच्या दिशेने ३०० डीपीआय ठरले. त्यात ठिपका ०.०८४७ मिमी, पाच ठिपक्यांचा एक मॉड्यूल (कोडमधली एक चौकट) ०.४२३ मिमी, आणि २६ बाय २६ चा कोड सुमारे ११ मिमी. कार्ट्रिजची छपाईची उंची १२.७ मिमी, म्हणजे कोड एका पट्टीत बसतो, पण हेड वरखाली हलवायला वाव एक-दीड मिमीचाच उरतो. म्हणून हेडच्या उंचीला ०.१ मिमीची खूण असलेला स्क्रू लागला.

कमाल वेग गरजेपेक्षा २५ टक्के जास्त ठेवला: मिनिटाला ४५ मीटर, म्हणजे सेकंदाला ७५० मिमी. ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरण धरले तर त्या वेगाला पोचायला ९४ मिमी लागतात आणि थांबायलाही तेवढेच. वेग स्थिरावायला ८० मिमी आणि छपाईला १५० मिमी धरून बेरीज ४१८ मिमी होते. स्ट्रोक, म्हणजे कार्टन वाहणाऱ्या गाडीची एकूण धाव, ४५० मिमी लिहिला. ग्राहकाची ‘टेबलावर मावले पाहिजे’ ही अट ९०० बाय ६०० मिमीच्या टेबलाची होती, ती त्यात बसली.

आता अंतर, म्हणजे हेड आणि कार्टन यांच्यातली फट. या एका आकड्यावर आम्ही सर्वात जास्त दिवस घालवले आणि पुन्हा करायचे झाले तरी तेवढेच घालवू.

यूआरएसमध्ये ‘अंतर १ मिमी’ एवढेच होते. थेंबाचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास धरला तर १ मिमी ओलांडायला ०.१ मिलिसेकंद लागतो आणि तेवढ्यात कार्टन ०.०६ मिमी पुढे सरकते. सगळे थेंब सारखेच सरकले तर काही बिघडत नाही. पण कोड छापला जात असताना फट १ वरून २ मिमी झाली तर शेवटचे थेंब पहिल्यांपेक्षा आणखी ०.०६ मिमी चुकतात, म्हणजे मॉड्यूलचा सातवा हिस्सा. त्यात तिरपा थेंब टाकणाऱ्या नोझलची चूक फटीबरोबर वाढते, आणि मुख्य थेंबामागचे बारीक थेंब वेगळे पडून कडा धूसर होतात. म्हणून स्पेसिफिकेशन असे झाले: फट ०.५ ते ४ मिमी, ०.१ मिमीच्या पायरीने बदलता येणारी. आणि एकदा लावल्यावर छपाईच्या पूर्ण १५० मिमीत ±०.१ मिमीच्या आत.

±०.१ जमते का, हे लगेच मोजायचे. प्रत्येक भागाची चूक मिमीत: रेल ०.०३, गाडी ०.०५, कार्टनची बैठक ०.०५, हेडचा ब्रॅकेट ०.०४. सरळ बेरीज ०.१७, म्हणजे बाहेर. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.०८७, म्हणजे जेमतेम आत. एवढ्यावर भरवसा ठेवायला नको वाटले, म्हणून ब्रॅकेटखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून जुळणीनंतर फट सुधारण्याची सोय स्पेसिफिकेशनमध्येच लिहिली.

आणि तरीही पहिल्या मसुद्यात चूक होतीच. आम्ही कार्टनची मागची बाजू पक्क्या ठोकळ्याला टेकवली होती. कार्टनच्या रुंदीतला अर्ध्या मिमीचा फरक मग थेट फटीत उतरतो आणि ±०.१ ला अर्थच राहत नाही. लाइनवर कार्टनची छापली जाणारी बाजूच हेडजवळच्या गाइड रेलला घासत जाते, कारण तिथे संदर्भ तीच आहे. फिक्स्चरवरही छापली जाणारी बाजू पट्टीला टेकली पाहिजे आणि मागून स्प्रिंगचा पॅड दाबत राहिला पाहिजे. दाब ५ ते ८ न्यूटन. त्याहून जास्त दिला की रिकामे कार्टन चेपते. म्हणून आणखी एक ओळ आली: चाचणीचे कार्टन रिकामे नको, डमी ब्लिस्टर (गोळ्यांची पट्टी) आणि माहितीपत्रकाची घडी घालून बंद केलेले हवे. भरलेल्या कार्टनची भिंत मध्यभागी फुगते, रिकाम्याची आत जाते. रिकामे कार्टन छापून काढलेला निष्कर्ष भरलेल्याला लागू पडत नाही. हे कुणीही तोंडाने सांगितले नव्हते. लाइनवरून उचललेल्या कार्टनवर स्टीलची पट्टी ठेवून पाहिल्यावर दिसले.

आता शीर्षकातले वाक्य. ‘पुसता कामा नये’ म्हणजे कशाने, किती दाबाने आणि छापल्यावर किती वेळाने? लाइनवर हेडपासून ९०० मिमीवर पुढची गाइड पट्टी छपाईला पहिल्यांदा लागते. ६०० मिमीच्या वेगात तो वेळ दीड सेकंद. म्हणून गाडी थांबताच, छपाईपासून दीड सेकंदाच्या आत, वजनदार पॅड खाली येण्याची रचना मागितली: पांढरे सुती कापड, ५०० ग्रॅम, एक फेरी. याखेरीज २४ तासांनी १० फेऱ्यांची वेगळी चाचणी, कारण ट्रकमध्ये कार्टन एकमेकांना घासतात तो त्रास वेगळा. पास कधी? घासण्याआधी आयएसओ/आयईसी १५४१५ या कोडच्या छपाईच्या मानकाप्रमाणे ग्रेड निदान बी, म्हणजे २.५, आणि घासल्यावर सी, म्हणजे १.५ च्या खाली नाही. ग्रेड फिक्स्चर देणार नाही, कारखान्याचा व्हेरिफायर (कोडला ग्रेड देणारे यंत्र) देईल, हेही स्पष्ट लिहिले. कॅमेरा आमच्याकडून घ्यायची त्यांची इच्छा होती. पण मग एकाच कोडला दोन यंत्रे दोन ग्रेड देतात आणि क्यूएला ते निस्तरावे लागते.

पाण्यावर आधारित शाई वार्निशवर सुकत नाही. कार्टनवर वार्निश न लावलेली खिडकी ठेवलेली असते आणि कोड तिच्यातच पडायला हवा. म्हणून छपाई सुरू होण्याच्या जागेला ±०.५ मिमी दिले. इथे सेन्सर घात करतो. सेन्सरच्या प्रतिसादात अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडला तर ६०० मिमीच्या वेगात ०.३ मिमी तिथेच संपतात. साधा परावर्तनाचा सेन्सर गडद निळ्या कार्टनला उशिरा पाहतो आणि पांढऱ्याला लवकर, त्यामुळे समोरासमोरचा, किरण तुटल्यावर चालणारा सेन्सर लिहिला. एन्कोडर (किती अंतर सरकले ते मोजणारा सेन्सर) मोटरवर नको, गाडीवरच्या मोजपट्टीवर हवा, नाहीतर पट्ट्याचा ताण कोडच्या लांबीत उतरतो. तपासणी सोपी: १०० मिमीची रेघ छापायची आणि ती १०० ±०.२ मिमी आली पाहिजे.

‘पावसाळ्यातही तेच उत्तर आले पाहिजे.’ हे मेंटेनन्सवाल्यांचे वाक्य, आणि गोव्यात ते सर्वात वर ठेवायला हवे. कार्टनचा बोर्ड दमट हवेत ओलावा घेतो, वाकतो, आणि त्यावर शाई उशिरा सुकते. कागदाच्या चाचणीची प्रमाण हवा २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के चालते. पण जुलैत गोदामातून आणलेले कार्टन यातल्या कशातच बसत नाही. म्हणून प्रत्येक चाचणीला दोन संच लिहिले: एक २७ अंश आणि ६५ टक्क्यांत २४ तास ठेवलेला, दुसरा गोदामातून थेट आणलेला. दोन्ही निकाल वेगळे नोंदवायचे, सरासरी काढायची नाही. फिक्स्चर स्वतः ९० टक्के आर्द्रतेत चालले पाहिजे, त्यामुळे उघडे साधे पोलाद कुठेच नाही. अॅनोडाइज केलेले अॅल्युमिनियम आणि ३०४ स्टेनलेस, रेलसुद्धा गंजरोधक.

‘पुसायला सोपे’ या वाक्यामागे सॉल्व्हंट होते. काही शायांमध्ये एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) हे सॉल्व्हंट असते आणि ऑपरेटर त्यानेच सगळे पुसतात. पॉलिकार्बोनेट आणि अॅक्रिलिकला त्याने तडे जातात, म्हणून झाकण टफन्ड काचेचे. सील ईपीडीएम रबराचे. ‘भारी रबर’ म्हणून व्हिटॉन लिहायचा मोह होतो, पण एमईकेसारख्या कीटोनमध्ये ते फुगते. नायट्राइलचेही तेच.

‘कुणालाही वापरता आले पाहिजे’ याचे झाले असे: एका मापाच्या कार्टनवरून दुसऱ्यावर जायला ३ मिनिटे, हत्याराशिवाय, हातमोजे घालून, जास्तीत जास्त तीन जागी बदल, आणि तिन्ही जागी आकडे कोरलेले. चतुर्थीच्या सुट्टीनंतर नोझल सुकलेली असतात, म्हणून कार्ट्रिजची टोपी अडकवायला हेडशेजारी जागा, आणि रोजच्या पहिल्या तीन छपायांत नोझल तपासणीचा नमुना. बेअरिंग, ओ-रिंग आणि पट्टा मडगाव किंवा म्हापशाच्या दुकानात मिळतील अशाच मापाचे, ही ओळ मेंटेनन्सने मागितली नव्हती, आम्ही घातली. पावसात घाट बंद पडला की बेळगावहून येणारा पट्टा तिकडेच अडकतो.

शेवटी प्रत्येक ओळीसमोर तपासणी लिहिली. इथे एक अडचण ठाऊक असावी. गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्याची पद्धत स्वतः किती भरवशाची याची चाचणी, त्यासाठी तीन माणसांनी तेच दहा नमुने पुन्हा पुन्हा मोजायचे असतात, आणि छापलेले कार्टन पुन्हा छापता येत नाही. म्हणून फट आणि छपाई वेगळी केली. फटीसाठी हेडच्या जागी ०.०१ मिमीचा डायल बसवला आणि दहा वेगवेगळ्या जाडीचे अॅल्युमिनियमचे ठोकळे तिघांनी तीन-तीनदा लावले, एकूण ९० वाचने. एकूण फरकात मोजण्याच्या चुकीचा हिस्सा १० टक्क्यांच्या आत आला तर पास, ३० च्या वर गेला तर बैठक पुन्हा करायची. छपाईसाठी एकाच रोलमधली लेबले ठोकळ्यावर चिकटवून ३० वेळा १०० मिमीची रेघ छापली.

सह्या झाल्यावर बदल आला तर नवा आवृत्ती क्रमांक, आणि मूळ वाक्याच्या रकान्यात बदल मागणाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे. सह्यांनंतर आलेला पहिला बदल कार्टनच्या उंचीचा होता. खरेदी विभागाने नवे, ८ मिमीने उंच कार्टन ठरवले होते आणि हेडचा स्तंभ ५ मिमीवरच संपत होता. आता आमच्या तक्त्यात पहिल्याच पानावर एक ओळ असते: सध्याचे सर्वात लहान कार्टन, सर्वात मोठे कार्टन, आणि येत्या वर्षात येऊ घातलेले. यातल्या तिसऱ्याचे उत्तर खरेदी विभागाकडूनच घ्यायचे. पॅकिंगला ते माहीत नसते.