कामगारांवरचं काय वाचू, काय बघू?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या वसाहतीत नव्याने लागलेली पोरं विचारतात, आयटीआयचे विद्यार्थी विचारतात, पत्रकारिता शिकणाऱ्या मुली वही-पेन घेऊन येतात आणि त्याही हेच विचारतात: कामगार चळवळ समजून घ्यायची तर सुरुवात कशापासून करू? युनियनच्या ऑफिसातलं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं, म्हणून हा प्रश्नही माझ्याकडेच येतो.

माझं उत्तर बाबुराव बागूल. नाशिकरोडजवळच्या विहितगावात जन्मलेला हा लेखक. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण सुरतजवळ उधन्याला रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात सांगत नाही. बरोबरचे कामगार त्याला मान देतात, घरी नेतात. जात कळते त्या दिवशी तेच त्याच्यावर तुटून पडतात. मारणाऱ्यांत मालक नाही, मुकादम नाही. सगळे पगारावर जगणारेच.

काही जण म्हणतात, ही दलित कथा झाली, आम्हाला कामगारांची हवी. त्यांना मी मनमाडची गोष्ट सांगतो. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी (म्हणजे आजच्या मध्य) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तिथे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हवेतलं बोलणं नव्हतं ते. रेल्वेत अस्पृश्यांच्या वाट्याला गँगमनचं, म्हणजे रुळांच्या देखभालीचं काम येई आणि बहुतेकांचा जन्म तिथेच सरे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगार विणकाम खात्यात, पण धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) धाग्याची नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढावा लागायचा. उष्टं चालणार नाही म्हणून इतर कामगारच त्यांना त्या खात्यात येऊ द्यायचे नाहीत. हे ठाऊक असलेला माणूस ‘कामगार तेवढा एक’ ही घोषणा जबाबदारीने देतो. मला ती घोषणा फार प्रिय आहे, आणि म्हणूनच बागूल आधी.

त्यानंतर गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या पलीकडे उतरलं की डहाणू-तलासरी, तिथल्या वारली आदिवासींच्या वेठबिगारीची ही हकीकत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभा या शेतकऱ्यांच्या संघटनेची परिषद झाली आणि त्यानंतर वारल्यांनी वेठ नाकारायला सुरुवात केली. पुढे गवतकापणीचा संप झाला. मागणी काय, तर पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पुस्तकात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की भीती कशी जाते ते बाईंनी फार बारकाईने लिहिलंय. एका भाषणाने जात नाही. एक माणूस नाही म्हणतो, त्याला दुसऱ्या दिवशी काय होतं ते सगळे बघतात, मग दुसरा म्हणतो. ज्याने ठेकेदारासमोर पहिल्यांदा तोंड उघडलंय त्याला हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही.

हिंदी सिनेमांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. नायक मालकाच्या केबिनमध्ये घुसतो, चार वाक्यं सुनावतो, मागे हजार माणसं मुठी आवळून उभी. त्या हजारांतला एकही जण धड बोलत नाही. मागणीपत्र कुणी लिहिलं, वर्गणी कुणी फिरून गोळा केली, कोर्टाच्या तारखेला खाडा करून कोण गेलं, यातलं काहीच दिसत नाही. ‘काला पत्थर’ जरूर बघा, पण त्याच्या मागे २७ डिसेंबर १९७५ ची धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीतली दुर्घटना आहे, पाणी आत घुसून ३७० हून जास्त माणसं मेली, हे माहीत करून घेऊन बघा.

मुंबईच्या गिरणी संपावर जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक वाचा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. नाटकात मोर्चा नाही, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतही नाहीत. चाळीतली एक खोली, आई आणि हातातून निसटत चाललेली तरुण मुलं. वाचण्याआधी एक गोष्ट मात्र समजून घ्या, नाहीतर ‘पुढाऱ्याच्या हट्टापायी संप बुडाला’ एवढंच हाती लागतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि कामगार होते सामंतांच्या संघटनेच्या मागे. मालकांना बोलणी टाळायला हा कायदा आयता मिळाला. संपाचे हे कायदेशीर कंगोरे कंटाळवाणे वाटतात, पण माणसं त्यातच मरतात.

आता ज्या सिनेमावर माझा फार जीव आहे तो. ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’, १९५४ चा, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या जस्ताच्या खाणीच्या खऱ्या संपावरचा. दिग्दर्शक कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने वाळीत टाकलेला, नायिकेला चित्रीकरण चालू असतानाच देशाबाहेर जावं लागलं, नायकाचं काम केलेला माणूस तिथल्याच युनियनचा अध्यक्ष. कोर्टाने खाण कामगारांना पिकेटिंगला, म्हणजे खाणीच्या दारावर धरणं धरून वाट अडवायला मनाई केली. बायका म्हणाल्या, हुकूम खाण कामगारांना आहे, आम्हाला नाही, आम्ही उभ्या राहतो. पुरुषांना ते पटेना. मग युनियनच्या सभेत बायकांना मत नाही म्हणून सभाच सगळ्या वस्तीची करून टाकली आणि मतदान घेतलं. बायका गेल्या पिकेटवर, पुरुष राहिले घरी. नायक लाकडं फोडून पाणी तापवतो, कपडे वाळत घालतो, तेव्हा त्याला कळतं की घरात नळाला गरम पाणी हवं ही बायकोची मागणी मागणीपत्रात किती वर असायला हवी होती.

हा सिनेमा आम्ही नाशिकच्या सिडकोत एका छोट्या हॉलमध्ये दाखवला होता. मराठी सबटायटल नव्हती, मी मध्येमध्ये थांबवून सांगत होतो. पॅकिंगला कंत्राटावर असलेल्या काही बायका पोरांना घेऊन आल्या होत्या. कायम कराव्या लागू नयेत म्हणून दर सात महिन्यांनी कामावरून ब्रेक मिळणाऱ्या, ओव्हरटाइम दुप्पटऐवजी सिंगल रेटने घेणाऱ्या. संपल्यावर त्यांतली एक म्हणाली, “काका, आपल्या मागणीपत्रात बायकांचं बाथरूम कितवं आहे हो?” मागणीपत्र तिथेच पिशवीत होतं. काढून बघितलं, तर शेवटच्या पानावर, ‘इतर मागण्या’मध्ये, कँटीनच्या पंख्याच्या खाली. पुढचं मागणीपत्र लिहायला ती कमिटीत बसली, आणि ते कलम पहिल्या पानावर आलं. सिनेमाचा उपयोग काय, असं मला पुन्हा कुणी विचारू नये.

राहिला एक प्रश्न, तो बहुतेक जण निघताना विचारतात: घरी पोरांसोबत बघता येईल असं काही? त्यांना मी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ सांगतो, फैजा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट. सगळे त्याला गमतीचा म्हणून बघतात, मी तो कामगारांचा सिनेमा मानतो. आपल्याच जिल्ह्यातला यंत्रमागाचा गाव, दिवसभर खडखडाटात उभं राहून काम करणारी माणसं, शुक्रवारची सुट्टी आणि त्या सुट्टीतलं सिनेमाचं वेड. सुपरमॅनचं काम करणारा किडकिडीत तरुण स्वतः मागावरचा कामगार. त्याला उडायचंय, आणि सगळी मित्रमंडळी जुगाड करून त्याला उडवतात. पोरं खूप हसतात.

आठवड्याची ती सुट्टी मुळात कुठून आली, हे त्या माहितीपटात नाही. ते तुम्ही पोरांना सांगा. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास गिरणी कामगार जमले होते, त्यांत दोन बायकाही बोलल्या, आणि मागणी होती आठवड्याला एक दिवस सुट्टीची. सभा भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधु’चे संपादक. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.