फोटो लावून, तक्ते काढून इंग्रजी लिहिता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेत दरवेळी कुणीतरी म्हणतंच, "बाई, इंग्रजीच्या तासाला मुलं फोटो लावतात, तक्ते काढतात, मोबाईलमध्ये बोलतात. मग लिहितात कधी?"

लिहितात, आणि पूर्वीपेक्षा नेटकं लिहितात. मी कोल्हापूर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या नववीला इंग्रजी शिकवते. गूळ कसा होतो हे आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही. उसाचा रस काढायचा चरक, रस उकळायची काहील, तिच्याखालचं चुलवाण, उकळताना वर येणारी मळी, पाक गार करायचा वाफा, गुळाची ढेप, सगळं त्यांचं बघितलेलं. तरी "इंग्रजीत लिहा" म्हटलं की दोनच ओळी येतात: रस उकळतात, गूळ होतो. आठवायचं, क्रम लावायचा, शब्द शोधायचे, स्पेलिंग सांभाळायचं, ही सगळी कामं एकदम अंगावर येतात आणि पेन थांबतं.

म्हणून मी ती कामं सुटी करते. आधी गुऱ्हाळावरचे फोटो, नाहीतर मुलांनीच काढलेली चित्रं क्रमाने लावायची. इथे कडाक्याचे वाद होतात. रस स्वच्छ करायला भेंडीचं पाणी आधी घालायचं, की मळी आधी काढायची? क्रम ठरला की एकाने मराठी-इंग्रजी मिसळून सांगायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. दुसरा गट ऐकतो आणि कुठे कळलं नाही ते सांगतो. मग बाणांचा तक्ता, त्यावरून परिच्छेद. 'द केन इज क्रश्ड, द ज्यूस इज बॉइल्ड.' काम कुणी केलं यापेक्षा रसाचं काय झालं हे महत्त्वाचं असल्यामुळे पॅसिव्ह व्हॉइस कशासाठी असतो, ते इथे कळतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यापुढचा टप्पा: फोटोत जे दिसत नाही ते लिहायचं. काहिलीच्या फोटोत वाफ दिसते. रस कुठवर उकळायचा, ते दिसत नाही. गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, झाली नाही तर काहील उतरवत नाही. ही अट कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. तिथे मुलं स्वतःहून 'इफ' आणि 'अनटिल' मागतात. व्याकरणाच्या तासाला हेच शब्द त्यांना परके वाटत होते.

1996 साली न्यू लंडन ग्रुप या अभ्यासकांच्या गटाने मांडलं, की चित्र, आवाज, हावभाव, मांडणी हीसुद्धा अर्थ घडवणारी साधनं आहेत आणि भाषेच्या वर्गात त्यांना जागा हवी. त्यांच्यापैकी गुंथर क्रेस यांनी पुढे लिहिलं, की प्रत्येक साधनाची ताकद आणि मर्यादा वेगळी असते. मला ते गुऱ्हाळाच्या परिच्छेदात पटलं. निबंध झाल्यावर कडेला फुलं रंगवणं किंवा तयार स्लाइड दाखवणं याला मी ही पद्धत मानत नाही. चित्रामुळे लेखन बदललं पाहिजे.

दहावीचं म्हणाल, तर बोर्डाच्या पेपरात इन्फर्मेशन ट्रान्सफर असतंच: तक्त्यावरून परिच्छेद, नाहीतर उताऱ्यावरून तक्ता. त्याची तयारी वेगळी करावी लागत नाही. मोबाईलची चिंताही नको. माझा एक फोन वर्गाला पुरतो, आणि तोही नसला तर एकाने सांगायचं, दुसऱ्याने फळ्यावर बाण काढायचे.

वहीची पानं कमी भरलेली दिसतील, हे खरं आहे. कच्चं काम फळ्यावर आणि तक्त्यांवर झालेलं असतं. ते बघायला एखाद्या तासाला येऊन बसा. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे त्यांनी तर नक्की या, मुलांना तुम्हाला बरंच विचारायचं आहे.